परदेशी विमानतळांवर बोली लावणाऱ्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व संचालक,
सार्वजनिक भागभांडवल असलेल्या आणि देशाबाहेरचे विमानतळ चालवायला घेणाऱ्या सर्व कंपन्या

विषय : परदेशी सवलत करारांमागील हमी, गृहीतके आणि प्रत्यक्ष परतावा भागधारकांसमोर मांडण्याबाबत

महोदय, महोदया,

हे पत्र कोणा एका कंपनीला उद्देशून नाही. फ्रँकफर्टचा विमानतळ चालवणाऱ्या फ्रापोर्टमध्ये हेसे राज्य आणि फ्रँकफर्ट शहराची नगर-कंपनी यांचा मिळून निम्म्याहून अधिक हिस्सा आहे. स्पेनच्या आएनाचे ५१ टक्के भाग सरकारी संस्थेकडे आहेत, पॅरिसच्या ग्रूप एडीपीत फ्रेंच सरकारचे बहुमत आहे, झुरिक विमानतळाच्या कंपनीत झुरिक कँटनचा एकतृतीयांश वाटा आहे, तर सिंगापूरचा चांगी आणि कोरियाचा इंचॉन विमानतळ चालवणाऱ्या कंपन्या पूर्णपणे सरकारच्या मालकीच्या आहेत. आपला मूळ विमानतळ सांभाळण्यासाठी स्थापन झालेल्या या कंपन्या गेली पंचवीस-तीस वर्षे दुसऱ्या देशांतले विमानतळ वीस, तीस, चाळीस वर्षांच्या मुदतीने घेत आल्या आहेत. बोलीच्या कागदावर सही संचालकांची असली, तरी त्या सहीमागे उभी असलेली पत बऱ्याच अंशी करदात्यांची असते. म्हणून हे पत्र खाजगीत न पाठवता उघडपणे लिहीत आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. परदेशात गुंतवणूक करू नका, असे मी म्हणत नाही. मात्र प्रत्येक परदेशी करारात आपण कोणत्या अंदाजावर बोली लावली, मूळ कंपनीने कशाकशाची हमी दिली आणि आजवर किती पैसा गेला व किती परत आला, या तीन गोष्टी भागधारकांना करारागणिक कळल्या पाहिजेत. आज त्या एकत्रित हिशेबाच्या तळटीपांत विखुरलेल्या असतात आणि पुष्कळदा तिथेही सापडत नाहीत.

वार्षिक अहवालात काय सापडते, ते सर्वांना ठाऊक आहे. जगाचा नकाशा असतो, त्यावर ठिपके असतात, आणि समूहाच्या सर्व विमानतळांची प्रवासीसंख्या एकत्र करून एक मोठा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. हा आकडा खोटा नसतो, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. लिमाच्या विमानतळाच्या एकूण उत्पन्नातला ४६.५११ टक्के हिस्सा करारानुसार पेरू सरकारकडे जातो. सान्तियागोचा विमानतळ २०१५ मध्ये एडीपी, व्हिन्सी आणि आस्ताल्दी यांच्या संघाने मिळवला, तो उत्पन्नातला ७७.५६ टक्के वाटा चिली सरकारला देण्याचे कबूल करून. मनिलाच्या मुख्य विमानतळाचा ताबा २०२४ मध्ये सान मिगेल समूहाच्या नेतृत्वाखालील ज्या संघाकडे गेला आणि ज्यात इंचॉनचाही छोटा हिस्सा आहे, त्या संघाची बोली ८२.१६ टक्क्यांची होती. फ्रँकफर्टमधला एक प्रवासी आणि सान्तियागोतला एक प्रवासी यांची बेरीज करणे म्हणजे दोन निरनिराळ्या चलनांच्या नोटा केवळ मोजून रक्कम सांगण्यासारखे आहे. खर्च, कर्जाचे हप्ते आणि कर वजा जाता मालकाच्या हाती काय उरते, हे त्या बेरजेतून कळत नाही.

सवलत करारात सरकार जमीन किंवा धावपट्टी विकत नाही. ठरावीक वर्षांसाठी ती चालवण्याचा, शुल्क आकारण्याचा आणि दुकाने, वाहनतळ, जाहिराती यांतून उत्पन्न घेण्याचा हक्क ते देते, बदल्यात बांधकामाची अट घालते आणि मुदत संपली की सारे परत घेते. या हक्काचे मोल कधी सुरुवातीलाच एकरकमी घेतले जाते, कधी दरवर्षी ठरलेल्या हप्त्याने, कधी उत्पन्नातल्या वाट्याच्या रूपाने, तर कधी दर प्रवाशामागे. दिसायला हा तपशील किरकोळ आहे, पण वाईट काळात कोण बुडणार हे त्यावरच ठरते. उत्पन्नातला वाटा असेल तर प्रवासी घटल्यावर सरकारचेही उत्पन्न घटते आणि दोघेही सोसतात. ठरलेला हप्ता असेल तर विमाने उडोत न उडोत, तो भरावाच लागतो. ग्रीसच्या १४ प्रादेशिक विमानतळांसाठी फ्रापोर्ट आणि तिच्या स्थानिक भागीदाराने १२३.४ कोटी युरो आगाऊ मोजून एप्रिल २०१७ मध्ये ४० वर्षांसाठी ताबा घेतला. तीन वर्षे होतात न होतात तोच कोविडची साथ आली आणि पर्यटनावर जगणारी त्यांतली बेटे एका उन्हाळ्यापुरती ओस पडली. तो करार त्यातून तगला, कारण बेटांवर लोक परतले. सगळीकडे तसे घडत नाही.

घडले नाही तर काय होते, याचे उदाहरण म्हणून रिओ द जानेरोच्या गलियाओ विमानतळाकडे पाहावे. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याचा लिलाव झाला, तेव्हा ब्राझील विश्वचषकाच्या आणि ऑलिम्पिकच्या तयारीत होता. सरकारने ठेवलेली किमान किंमत सुमारे ४८३ कोटी रेआल होती. चांगीची गुंतवणूक कंपनी आणि ब्राझीलची ओडेब्रेख्ट यांच्या संघाने १,९०० कोटी रेआलची, म्हणजे किमतीच्या जवळजवळ चौपट बोली लावली. ही रक्कम पंचवीस वर्षांत हप्त्यांनी, तीही महागाईशी जोडून भरायची होती. संघाकडे ५१ टक्के आणि सरकारी इन्फ्राएरोकडे ४९ टक्के, अशी रचना होती. पुढे ब्राझीलची अर्थव्यवस्था २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे दरसाल तीन टक्क्यांहून अधिक आकुंचन पावली, ओडेब्रेख्ट भ्रष्टाचाराच्या मोठ्या चौकशीत सापडून बाहेर पडली आणि तिचा भार चांगीला उचलावा लागला. शहराच्या मध्यभागी असलेला सान्तोस दुमाँ विमानतळ इन्फ्राएरोकडेच राहिला आणि देशांतर्गत उड्डाणे तिकडे ओढली गेली. म्हणजे ज्या सरकारी कंपनीचा गलियाओत ४९ टक्के वाटा होता, तीच गलियाओचा प्रतिस्पर्धी विमानतळ चालवत होती. साथीनंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये सवलतधारकाने विमानतळ सरकारला परत करण्याचा अर्ज केला, नंतर तो मागे घेण्याची तयारी दाखवली, आणि पुढची वर्षे अटी पुन्हा ठरवण्यात गेली. विमानतळ चालवण्याच्या कौशल्यात चांगीची बरोबरी करणाऱ्या कंपन्या जगात फार थोड्या असतील. त्या कौशल्यात तिथे काही उणे नव्हते. चुकला तो बोलीचा आकडा, आणि पंचवीस वर्षे स्वच्छ प्रसाधनगृहे ठेवूनही तो आकडा दुरुस्त होत नाही.

लिलावात जिंकणारा बहुधा सर्वांत आशावादी असतो. आठ-दहा कंपन्या प्रवासीवाढीचा अंदाज बांधतात, आणि ज्याचा अंदाज सर्वांत वरचा त्याच्या गळ्यात माळ पडते. म्हणून दुसऱ्या क्रमांकाची बोली किती होती, ही माहिती फार मोलाची आहे. नोएडाच्या जेवर विमानतळासाठी २०१९ मध्ये झुरिकच्या कंपनीने दर प्रवाशामागे ४००.९७ रुपये देऊ केले. तिच्यामागच्या बोली ३६०, ३५१ आणि २०५ रुपयांच्या होत्या. हे अंतर गलियाओसारखे भयावह नाही आणि पहिल्या दोन प्रतिस्पर्ध्यांचा हिशेबही फार वेगळा नव्हता, हे भागधारकांना धीर देणारे आहे. मात्र करारात ठरलेली २९ सप्टेंबर २०२४ ही कार्यारंभाची तारीख पाळली गेली नाही. अशा विलंबाची किंमत कोण सोसतो, दंड किती आणि वाढलेल्या कर्जाचे व्याज कोणत्या खात्यातून जाते, हे झुरिकच्या नागरिकाला एका पानावर वाचता आले पाहिजे.

आता भागीदारांविषयी. परक्या देशात स्थानिक भागीदार लागतो, कारण तो तिथली भाषा, कायदा आणि माणसे ओळखतो. पण त्याला ओळखणाऱ्या माणसांत मंत्रीही असतात, आणि सरकार बदलले की ती ओळख उलटते. मनिलाच्या तिसऱ्या टर्मिनलच्या प्रकरणाने हा धडा दिला, आणि तो दोन दशके पुरला. तिथे फ्रापोर्टने पियाट्को या कंपनीत पैसा घातला. मे २००३ मध्ये फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने पियाट्कोचे करार मुळातच रद्दबातल ठरवले, डिसेंबर २००४ मध्ये सरकारने जवळपास पूर्ण झालेले टर्मिनल ताब्यात घेतले, आणि ते प्रवाशांसाठी खुले होईपर्यंत २००८ उजाडले. फ्रापोर्ट आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली. फिलिपाइन्सच्या राज्यघटनेनुसार विमानतळासारख्या सार्वजनिक सेवेच्या कंपनीत तेव्हा परदेशी वाटा ४० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नव्हता, आणि परकीयांनी आडमार्गाने नियंत्रण मिळवू नये यासाठी तिथे वेगळा कायदा आहे. भागीदारांमधल्या गुप्त करारांनी त्या कायद्याचा भंग झाला, तेव्हा ही गुंतवणूक संरक्षणास पात्रच नाही, असे लवादाने २००७ मध्ये म्हटले. तो निवाडा २०१० मध्ये प्रक्रियेतील दोषामुळे रद्द झाला, पुन्हा नवा लवाद बसला आणि २०१४ मध्ये तोही त्याच निष्कर्षावर आला. मला यात सर्वांत खटकते ते हे की, ज्या भागीदारी-करारांवर सारे प्रकरण फिरले, ते मूळ कंपनीच्या सार्वजनिक भागधारकांनी पाहिलेले नव्हते. सही होण्यापूर्वी ते एखाद्या स्वतंत्र जाणकाराच्या हाती पडले असते, तर परदेशी नियंत्रणाचा तो प्रश्न त्याने पहिल्याच वाचनात विचारला असता.

मालेचे प्रकरण याहून वेगळे आहे, कारण तिथे गुंतवणूकदाराच्या बाजूने कायदा होता. जून २०१० मध्ये भारताच्या जीएमआर समूहाने मलेशिया एअरपोर्ट्सला सोबत घेऊन, ७७ आणि २३ टक्क्यांच्या वाट्याने, मालदीवचा मुख्य विमानतळ २५ वर्षांसाठी घेतला. निविदा प्रक्रियेत जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ सल्लागार होते, म्हणजे कागद जितके भक्कम करता येतील तितके केलेले होते. वादाचे मूळ होते बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून घ्यायचे २५ डॉलरचे विकास शुल्क. डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या दिवाणी न्यायालयाने संसदेच्या मंजुरीविना असे शुल्क घेता येणार नाही, असे ठरवले. तेव्हाच्या सरकारने तोड काढली की, जेवढे शुल्क बुडेल तेवढे सरकारला द्यायच्या रकमेतून वळते करून घ्यावे. दोनच महिन्यांत सरकार बदलले. नव्या सरकारच्या तिजोरीत विमानतळातून येणारा पैसा आटला आणि त्या आटण्याचे खापर परदेशी कंपनीवर फुटणे साहजिकच होते. २७ नोव्हेंबर २०१२ रोजी करार मुळातच अवैध असल्याचे जाहीर करून सात दिवसांत ताबा मागण्यात आला. सिंगापूरच्या अपील न्यायालयाने ६ डिसेंबरला ताबा घेण्यावरची स्थगिती उठवली आणि लगोलग विमानतळ हातचा गेला. लवादाने २०१४ मध्ये करार वैध असल्याचा निर्णय दिला, २०१६ मध्ये सुमारे २७ कोटी डॉलरची भरपाई ठरली आणि मालदीवने ती चुकती केली.

या निकालाकडे विजय म्हणून पाहिले जाते, आणि पैसे परत मिळाले हे खरेच. पण पंचवीस वर्षांचा व्यवसाय अडीच वर्षांत संपला आणि भरपाईसाठी आणखी चार वर्षे लागली. करारातले पंचवीस डॉलर हे उत्पन्नाच्या तक्त्यातली एक ओळ होती. ज्या देशात ते आकारायचे, तिथे ते निवडणुकीतले वाक्य झाले. आपल्या मंडळांपुढे येणाऱ्या प्रस्तावांत शुल्कवाढीचे गृहीतक असते, तेव्हा त्या शेजारी आणखी एक रकाना असावा : हे शुल्क कोण मंजूर करणार, त्या देशात त्याला कोणाचा विरोध आहे आणि ते निम्मेच वसूल झाले तर करार टिकतो का?

नैरोबीत २०२४ साली जे घडले, तेही याच रांगेतले. जोमो केन्याटा विमानतळ ३० वर्षांसाठी चालवण्याचा आणि १८५ कोटी डॉलर गुंतवण्याचा अदानी समूहाचा प्रस्ताव खुल्या निविदेने आलेला नव्हता. लोकांना त्याची माहिती झाली ती तपशील बाहेर फुटल्यानंतर. मग न्यायालयाची स्थगिती आली, सप्टेंबरमध्ये कर्मचाऱ्यांच्या संपाने विमानसेवा कोलमडली आणि २१ नोव्हेंबरला, अमेरिकेत समूहाच्या अध्यक्षांविरुद्ध आरोपपत्र जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, केनियाच्या अध्यक्षांनी प्रस्ताव रद्द केला. ते आरोप समूहाने नाकारले आहेत आणि विमानतळाशी त्यांचा संबंधही नव्हता. पण निविदेविना आलेल्या प्रस्तावाची बाजू घ्यायला त्या दिवशी देशात कोणी पुढे आले नाही.

युद्ध आणि नियमबदल यांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही. सेंट पीटर्सबर्गच्या पुल्कोवो विमानतळातला फ्रापोर्टचा २५ टक्के वाटा २०२२ नंतर अडकून पडला, दिलेले कर्ज बुडीत धरावे लागले आणि २०२३ च्या अखेरीस रशियाच्या अध्यक्षांच्या आदेशाने भागांचा ताबा एका नव्या रशियन कंपनीकडे वळवण्यात आला. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२३ मध्ये शुल्कनिश्चितीचे नियम अचानक बदलले आणि सरकारी शुल्क उत्पन्नाच्या ५ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर नेले. तिथल्या तिन्ही विमानतळ समूहांचे भाव त्या आठवड्यात कोसळले, आणि त्यांतल्या एकात आएनाचा अप्रत्यक्ष हिस्सा होता. अशा गोष्टींसाठी संचालकांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. मात्र एकाच देशात किती पैसा अडकवायचा याची मर्यादा मंडळाने आधी ठरवून जाहीर केली होती का, हे विचारणे अन्यायाचे नाही.

जिथे हा व्यवसाय चांगला झाला, तिथले कारणही पाहिले पाहिजे. फ्रापोर्टचा लिमाचा करार २००१ चा. तेव्हा वर्षाला सुमारे ४० लाख प्रवासी होते, आज ते २ कोटी ४० लाखांच्या पुढे आहेत. दुसऱ्या धावपट्टीसाठी लागणारी जमीन पेरू सरकारने द्यायची होती. ती पूर्णपणे हाती यायला २०१८ साल उजाडले, म्हणजे ज्या विलंबाने एखादी उतावळी कंपनी न्यायालयात गेली असती तो विलंब इथे पचवला गेला. धावपट्टी २०२३ मध्ये वापरात आली आणि नवे टर्मिनल जून २०२५ मध्ये. सरकारचा वाटा उत्पन्नाच्या प्रमाणात असल्यामुळे साथीच्या वर्षातही करार मोडकळीला आला नाही. ब्राझीलमध्येच, गलियाओला ज्या मंदीने बुडवले तिच्या शेवटच्या टप्प्यात, २०१७ च्या लिलावात झुरिकने फ्लोरियानोपोलिस हा मध्यम आकाराचा विमानतळ घेतला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथे नवे टर्मिनल सुरू केले. माझ्या मते या दोन्ही ठिकाणी कंपन्यांनी आपले कौशल्य विकले, तर गलियाओत चांगीने आपला ताळेबंद पणाला लावला. फक्त व्यवस्थापनाचे कंत्राट घेण्याचा तिसरा मार्गही आहे. कुवेतच्या चौथ्या टर्मिनलमध्ये इंचॉनने तो पत्करला. त्यात मिळकत बेताची असते, पण ती आधी ठाऊक असते. अशा कंत्राटांना संचालक मंडळांत फारशी प्रतिष्ठा नाही, कारण त्यांनी नकाशावर ठिपका उमटतो पण समूहाच्या उत्पन्नाचा आकडा फुगत नाही.

थरांवर थर चढल्यामुळे प्रश्न आणखी अवघड होत चालला आहे. २०२० मध्ये एडीपीने जीएमआर एअरपोर्ट्सचे ४९ टक्के भाग १०,७८० कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. जीएमआरकडे दिल्ली आणि हैदराबाद आहेत, शिवाय इंडोनेशियाच्या मेदान विमानतळात ४९ टक्के वाटा आहे. दिल्लीच्या उत्पन्नातला ४५.९९ टक्के हिस्सा भारतीय विमानतळ प्राधिकरणाला द्यावा लागतो. म्हणजे फ्रेंच करदात्याचा पैसा पॅरिसहून दिल्लीमार्गे सुमात्रापर्यंत पोहोचतो आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळे सरकार, वेगळा नियामक व वेगळे धनको उभे असतात. मेदानमध्ये काही बिनसले तर त्याची झळ पॅरिसच्या ताळेबंदाला कुठवर लागेल, हे अहवाल वाचून सांगता येईल असा भागधारक मला तरी भेटलेला नाही.

यावर एक ठराविक उत्तर मिळते : ही व्यापारी गुपिते आहेत, ती उघड केली तर पुढच्या निविदेत आपले नुकसान होईल. निविदा चालू असताना हे उत्तर मला पूर्ण मान्य आहे. पण बोली जिंकून करार झाल्यावर गुपित उरते कुठे? पेरूची नियामक संस्था सवलत करार आणि त्यांच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते, ब्राझीलची नागरी विमान वाहतूक संस्थाही करते, दिल्लीचा करार कोणालाही वाचता येतो. ज्या देशात विमानतळ आहे तिथल्या नागरिकाला करार दिसतो आणि ज्याच्या पैशाने बोली लागली त्याला दिसतो तो नकाशा, ही स्थिती समर्थनीय नाही. दुसरे उत्तर असे की, प्रत्येक परदेशी विमानतळासाठी वेगळी उपकंपनी असते, कर्ज तिच्या नावावर असते आणि मूळ कंपनीला त्याची झळ लागत नाही. तसे असेल तर फारच चांगले, मग ते लिहून द्यावे. प्रत्यक्षात कामाच्या पूर्ततेची हमी, भांडवल कमी पडल्यास ते घालण्याचे वचन, भागधारकाने दिलेले कर्ज, अशा दोऱ्यांनी उपकंपनी मूळ कंपनीला बांधलेली असते. त्या दोऱ्या किती आणि केवढ्या, एवढेच विचारतो आहे.

परदेशी तोटा देशातल्या प्रवाशावर लादला जात नाही, असेही सांगितले जाते. विमानतळ शुल्क खर्चाशी निगडित असावे, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे धोरण आहे आणि शुल्क ठरवणारे नियामक परदेशी गुंतवणूक त्या हिशेबाबाहेर ठेवतात, हे मान्य. पण कंपनीची पत घसरली की नव्या टर्मिनलसाठीचे कर्ज महागते, लाभांश थांबला की शहराच्या अंदाजपत्रकात खड्डा पडतो, आणि अनुभवी अधिकारी वर्षानुवर्षे परदेशी राहिले की मूळ विमानतळावर त्यांची उणीव जाणवते. हे खर्च शुल्काच्या सूत्रात दिसत नाहीत, एवढ्याने ते नाहीसे होत नाहीत.

म्हणून विनंती अशी. प्रत्येक परदेशी करारासाठी वार्षिक अहवालात एक पान असावे. त्यावर बोली लावताना धरलेली प्रवासीसंख्या आणि प्रत्यक्षातली संख्या वर्षवार शेजारी-शेजारी छापावी. विजयी बोलीबरोबर दुसऱ्या क्रमांकाची बोली द्यावी. सुरुवातीपासून आजवर घातलेले भांडवल आणि भागधारक-कर्ज एका बाजूला, मिळालेला लाभांश, व्याज आणि व्यवस्थापन शुल्क दुसऱ्या बाजूला, असा रोख पैशाचा जमाखर्च द्यावा, पुनर्मूल्यांकनाचा कागदी नफा त्यात मिसळू नये. मूळ कंपनीने दिलेल्या हमींची कमाल रक्कम सांगावी. भागीदार कोण, त्यांचा अंतिम मालक कोण, आणि त्यांच्यातला कोणी बाहेर पडला तर त्याचा वाटा कोणी उचलायचा, हे लिहावे. तसेच वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बक्षिसाचा कोणताही भाग केवळ बोली जिंकल्याबद्दल देऊ नये. बोली जिंकणारा अधिकारी चार-पाच वर्षांत दुसरीकडे जातो आणि करार पुढची तीस वर्षे कंपनीच्या मानगुटीवर राहतो, हे मंडळांना माझ्याहून अधिक चांगले ठाऊक असणार.

सार्वजनिक भागधारकांनाही, म्हणजे राज्यांना, कँटनांना आणि अर्थमंत्रालयांना, यात एक काम आहे. आपण नेमलेला प्रतिनिधी मंडळात बसतो तो लाभांश मोजण्यापुरता नाही. ठरावीक रकमेपेक्षा मोठी परदेशी बोली लावण्यापूर्वी कंपनीबाहेरच्या जाणकाराचे लेखी मत घेतले जावे, आणि निविदेचा निकाल लागल्यावर ते सभागृहासमोर ठेवले जावे, अशी अट तो घालू शकतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

सुरुवात कुठून करावी, असे विचाराल तर तुर्कस्तानातला अंतल्या विमानतळ सुचवतो. फ्रापोर्ट आणि तुर्कस्तानची विमानतळ कंपनी टीएव्ही यांनी डिसेंबर २०२१ मध्ये त्या विमानतळाचा २०२७ ते २०५१ या काळाचा हक्क ७२५ कोटी युरो अधिक करांच्या बोलीने मिळवला आणि त्यातला चौथा हिस्सा २०२२ मध्येच, म्हणजे पहिला प्रवासी मोजला जाण्याच्या पाच वर्षे आधी, भरला. टीएव्हीमध्ये सर्वांत मोठा वाटा एडीपीचा आहे. त्यामुळे या एकाच करारात हेसे राज्य, फ्रँकफर्ट शहर आणि फ्रेंच सरकार असे तीन सार्वजनिक मालक गुंतलेले आहेत. करार नवा, रक्कम मोठी, आणि अंदाज अजून कालबाह्य झालेले नाहीत. त्याचे एक पान दोन्ही कंपन्यांनी पुढच्या वार्षिक सभेपूर्वी प्रसिद्ध करावे, आणि आधीच्या करारांची पाने त्यामागून येऊ द्यावीत.

कळावे,

आपला,
सार्वजनिक हिशेब वाचणारा एक नागरिक